बिनमिशीचा रावस

माशांच्या बाबतीत माझं शिक्षण उशिरा सुरू झालं आणि अर्धवट राहिलं. मी पुण्याचा, त्यातही चातुर्मासात कांद्यालासुद्धा रजा देणाऱ्या घरातला. लग्न झालं अलिबागच्या मृणालशी. पहिल्या दिवाळसणाला सासरी ताटात तळलेला बोंबील आला, तो मी मिटक्या मारत खाल्ला आणि 'भेंडी फार कुरकुरीत झालीय' असं सांगितलं. त्याला आता वीस वर्षं होतील. अलिबागला पाहुणे आले की चहा, पोहे आणि ही गोष्ट, असा बेत अजून असतो.

अशा माणसाने भर महामारीत ऑस्ट्रेलियातल्या एका तळ्यावर बोट ठरवून सासूला मासे पकडायला नेलं, यात शौर्याचा भाग कमी आणि तो जुना डाग धुण्याचा जास्त होता.

सासूबाई आमच्याकडे मेलबर्नजवळच्या वेरिबीला आल्या फेब्रुवारीत, तीन महिन्यांसाठी. आमच्या इराचा पंधरावा वाढदिवस करायचा, पेंग्विन बघायचे आणि आंब्यांना घरी परतायचं, असं ठरलेलं. मे आला, विमान आलं नाही. जुलैत मेलबर्नला बाहेरून कडी लागली. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, दिवसातून एक तास फिरायचं, तेही तोंड बांधून. एका खोलीत माझं ऑफिस, दुसऱ्या खोलीत इराची शाळा, तिसऱ्या खोलीत मृणालच्या मीटिंगा आणि स्वयंपाकघरात सासूबाई. जावयाला जन्मभर 'तुम्ही' म्हणायचं हा त्यांचा नेम या गर्दीत सुटला. सगळं ठीक असलं की मी 'तू', आणि माझ्याकडून काही घोटाळा झाला की 'तुम्ही'. त्यांनी तीस वर्षं कन्याशाळेत गणित शिकवलं आहे. कुणाला अर्धा मार्क उगाच दिला नाही, असा त्यांचा लौकिक आहे.

या नऊ महिन्यांत त्यांनी मासा खाल्ला नाही. अलिबागहून आणलेली सुकट विमानतळावरच कचऱ्याच्या डब्यात गेली होती. पाच किलोमीटरच्या आत मिळायचा तो पाकिटातला, कापलेला, पांढरा तुकडा. मी एकदा आणला. त्यांनी पाकीट उलटंसुलटं केलं.

"डोळा नाही, कल्ला नाही, शेपूट नाही. हा मासा आहे असं कोण म्हणतं?"

"पाकिटावर लिहिलंय."

"डोळा बघितल्याशिवाय मी मासा घेत नाही," त्या म्हणाल्या, आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघून पुढे म्हणाल्या, "माणूसही घेऊ नये."

नारळी पौर्णिमेला त्यांना समुद्राला नारळ द्यायचा होता. समुद्र आमच्या घरापासून सात किलोमीटर. दोन किलोमीटरने नारळ राहिला. तो तसाच देवघरात बसून होता, शेंडी वर करून, आमच्यासारखाच.

नोव्हेंबरात कडी निघाली. त्याच सुमारास खास विमानात त्यांना जागा मिळाली, बुधवारची. कपडे भरून झाले तेव्हा त्या मृणालला एवढंच म्हणाल्या, की तुमच्या घरून काही न्यायचं नाही मला, फक्त एकदा डोळ्यादेखत पाण्यातून निघालेला मासा माझ्या हाताने करून तुम्हाला वाढायचा होता, राहिलं ते.

हे मी ऐकलं. आणि भाऊबीजेच्या व्हिडिओ कॉलवर, समोर अलिबागचं अख्खं घर असताना, मी जाहीर केलं, "आईंना जायच्या आधी मी रावस खायला घालणार. बोटीतून पकडलेला."

रावसच का? तर मी नेटवर बघितलं होतं, की कॅम्परडाउनजवळ एका तळ्यात वसंत ऋतूत ट्राउट आणि सामन पकडायला बोटीतून नेतात. आणि मुंबईतल्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर रावसाच्या पुढे 'इंडियन सामन' लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं. रावस म्हणजे सामन, तर सामन म्हणजे रावस. गणिताच्या बाईंचा जावई मी, समीकरण उलटं फिरवलं.

माझा मेहुणा सुहास पडद्यावर खो खो हसत सुटला. त्याच्या मिशीची तुम्हाला ओळख करून द्यायला हवी. ती अलिबाग बंदरावरून दिसते. "भावोजी," तो म्हणाला, "तुम्ही रावस पकडलात तर मी मिशी काढतो. पण तुम्ही सांगून चालणार नाही. तुमची भेंडी आम्हाला ठाऊक आहे. आईने स्वतः बघून 'रावस' म्हटलं पाहिजे. नाही म्हटलं तर पुढच्या खेपेला तुम्ही अलिबागच्या मासळीबाजारात उभं राहून सगळ्या माशांची नावं घडाघडा म्हणायची. कोळणींसमोर."

मी हो म्हणालो.  सासूबाई चष्मा पुसत होत्या.

गुरुवार

सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा; या तीन वारी त्या मासा खात नाहीत. बुधवारी विमान. रविवार-मंगळवारच्या बोटी भरलेल्या. म्हणून बोट शुक्रवारची. थोडक्यात, मासा शुक्रवारी लागायला हवा आणि शुक्रवारीच पोटात जायला हवा. माशाला हे कळवायची सोय नव्हती.

गाडीत सामान असं: मसाल्याचा डबा, तांदळाचं पीठ, कोकमं, तवा, विळी (हो, विळी), देवघरातला नारळ, आणि पिकून काळी पडू लागलेल्या सहा केळ्यांचे पहाटे उठून तळलेले घारगे. जिलॉन्ग मागे पडेपर्यंत आम्ही चौघं नुसते बाहेर बघत होतो. नऊ महिन्यांनी इतकं लांबवर बघायला मिळालं, की डोळेच बावचळले होते. इरा म्हणाली, "आय फर्गॉट काउज वर दिस बिग."

कोलॅकच्या पुढे जमीन काळ्या दगडांची होते. फार पूर्वी इथे ज्वालामुखी होते. शेतकऱ्यांनी तेच दगड वेचून, माती-चुना काही न लावता, एकावर एक रचून शेतांना कुंपणं घातली आहेत. सासूबाई एकदम सीटवरून पुढे सरकल्या.

"गाडी थांबव. हे गडगे इथे कुणी घातले?"

कोकणातला गडगा आणि हा गडगा यात दगडाच्या रंगाखेरीज फरक नव्हता. त्या उतरल्या, एक दगड हलवून बघितला, तो हलला नाही. "चांगला घातलाय," त्या म्हणाल्या. नऊ महिन्यांत ऑस्ट्रेलियाला त्यांनी दिलेले हे पहिले मार्क.

कॅम्परडाउनला जेवायला फिश अँड चिप्स घेतलं. दत्ताचा वार म्हणून सासूबाईंनी नुसते बटाटे घेतले, पण माझ्या कागदातल्या तळलेल्या तुकड्याकडे त्या वाकून बघत होत्या. दुकानदार त्याला 'फ्लेक' म्हणत होता. मी म्हणालो, हा इथला काहीतरी वेगळा मासा असणार.

"मोड," त्या म्हणाल्या. मी मोडला. "काटा आहे?" नव्हता. "मधे एकच कूर्चा आहे ना? मुशी आहे ती. आपल्याकडे बाळंतिणीला देतात."

मी फोनवर शोधलं. फ्लेक म्हणजे लहान शार्क, म्हणजे मुशी. न चाखता, हातही न लावता, बाकाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखली. मृणाल माझ्या कानाशी म्हणाली, "आणि हिच्यापुढे तू उद्या रावस ठेवणार आहेस." मला पहिल्यांदाच जरा गार वाटलं. वाटलं, वारा असेल.

तळ्याचं नाव पुरंबीट. सासूबाईंनी त्याचं लगेच पुरणबेट केलं. ज्वालामुखीच्या तोंडात पाणी भरून झालेलं हे तळं, खोल वाटीसारखं गोल. काठाला काळे हंस. आम्ही काठावरच्या एका लाकडी केबिनमध्ये उतरलो. झोपायच्या आधी सासूबाईंनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि आत गेल्या. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही.

शुक्रवार, सकाळी

सहाला धक्क्यावर हजर. आमच्या बोटवाल्याचं नाव बॅरी. साठीचा, दरवाजाएवढा, मास्कच्या चारी बाजूंनी दाढी बाहेर आलेली. गुड मॉर्निंगच्या आधी त्याने विचारलं, "एनी बनानाज?"

इथे राज्याच्या हद्दीवर फळं तपासतात, त्यातलाच हा प्रकार असेल असं मला वाटलं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, एकही केळं नाही. खोटं नव्हतं. सहा केळ्यांचे घारगे झाले होते, आणि घारगा हे फळ नाही.

"गुड," बॅरी म्हणाला. "बोटीवर केळं आलं की मासा लागत नाही, मेट. माझा बाप सांगायचा, त्याचा बाप सांगायचा."

मी डब्याची पिशवी जरा पायामागे सरकवली.

सासूबाईंच्या अंगावर सलवार-कमीज, त्यावर स्वेटर, त्यावर शाल, त्यावर लाइफजॅकेट, वर कानटोपी आणि खाली मास्क. फक्त चष्मा माणसाचा वाटत होता. बॅरीने त्यांना हात धरून बोटीत घेतलं आणि सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसवलं. मागे चार गळ लावले. तारेला लोखंडी गोळा बांधून आमिष खोल सोडतात आणि बोट बैलगाडीच्या वेगाने तळ्यात फिरवत राहतात. एका छोट्या पडद्यावर पाण्याखालचे मासे दिसतात, पैठणीवरच्या कोयऱ्यांसारखे. खूप कोयऱ्या होत्या. सासूबाईंनी पिशवीतून एक प्लास्टिकची पिशवी काढून मांडीवर उघडून ठेवली.

अर्ध्या तासात इराचा गळ वाकला. ती किंचाळली, बॅरीने तिला रीळ फिरवायला शिकवलं, आणि जाळ्यात आला एक सुरेख ट्राउट, अंगावर गुलाबी पट्टा, हातभर लांब. बॅरी मास्कमधून इराला काहीतरी पुटपुटला. इरा म्हणाली, "ऑ, लेट हिम गो."

बॅरीने जाळं पाण्यात वाकवलं. मासा गेला.

सासूबाईंची पिशवी तशीच उघडी होती.

"त्याला काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

"काही नाही, आई. इथे सोडायची पद्धत आहे."

"पकडून?"

"हो."

"मग पकडायचा कशाला?"

"फॉर फन, आज्जी," इरा म्हणाली.

सासूबाईंनी गेलेल्या माशाच्या दिशेने बघितलं. "त्याला विचारलंस का, मजा आली का म्हणून?"

त्यानंतर चार तास काही नाही. आम्ही तळ्याला प्रदक्षिणा घालत होतो. अकरा झाल्या तेव्हा मी मोजायचं सोडलं. बॅरीने आमिषं बदलली, खोली बदलली, दिशा बदलली. खाली कोयऱ्या मजेत. बोट बाराला परत जायची होती. मृणाल माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे बघण्यासारखं काहीतरी माझ्या चेहऱ्यावर असावं. गार वाऱ्यात भूक लागली. सासूबाईंनी डबा उघडला. पहिला घारगा पाहुण्याला, म्हणजे बॅरीला. मी 'नको नको, त्याला गोड चालत नसेल' असं म्हणेपर्यंत त्याने मास्क खाली ओढला होता.

त्याने एक खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा आणि चौथा एकदम. डोळे मिटून म्हणाला, बाईसाहेब, हे काय आहे?

मी घाईने सांगितलं, कणीक, गूळ, थोडी वेलची.

"अँड बनाना," इरा म्हणाली. "लाइक, सिक्स ऑफ देम."

या मुलीला आम्ही लहानपणापासून खरं बोलायला शिकवलं, याचा त्या क्षणी मला पश्चात्ताप झाला. बॅरीचं चावणं थांबलं. घास तोंडात. थुंकावा तर समोर म्हातारी बाई, गिळावा तर बाप आणि बापाचा बाप. शेवटी त्याने गिळला, आणि माझ्याकडे असं बघितलं, की लाइफजॅकेट असल्याचं मला बरं वाटलं.

"आता तर ते माझ्यातच आहे," तो म्हणाला. "आता काय, मला बोटीतून उतरवणार?"

सासूबाईंनी विचारलं काय झालं. मृणालने सगळं सांगितलं, माझं छातीवर हात ठेवणंसुद्धा. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

"त्याने विचारलं होतं, आणि तुम्ही नाही म्हणालात?"

'तुम्ही.' मी मान खाली घातली.

"बोटीवर ज्याची रीत त्याची चालते. मला आधी सांगितलं असतं तर मी भोपळ्याचे केले असते." मग त्यांनी पिशवीत हात घालून देवघरातला नारळ काढला. "त्याला सांग, केळ्याचं आम्हाला माहीत नव्हतं. पण पाणी रुसलं तर आमच्याकडे नारळ देतात. त्याला चालणार असेल तर देते. नाहीतर परत जाऊ."

मी भाषांतर केलं. ऑगस्टपासून हा नारळ दोन किलोमीटरने अडकून राहिलाय, हेही सांगितलं. बॅरीने नारळाकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, तळ्याकडे बघितलं. त्याने इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"फेअर इनफ," तो म्हणाला.

सासूबाईंनी पर्समधल्या पुडीतलं हळदकुंकू नारळाला लावलं, वाकून तो पाण्यात सोडला आणि हात जोडले. बॅरीनेही जोडले. समुद्रात सोडलेला नारळ लाटेबरोबर जातो तरी. हा बोटीशेजारीच तरंगत राहिला, शेंडी आमच्याकडे करून, आता पुढे काय असं विचारत असल्यासारखा.

आता लगेच मासा लागला असं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, हा पुणेकर थापा मारतोय. लगेच नाही लागला. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. बॅरीने बोट धक्क्याकडे वळवली. वळताना पुन्हा त्या नारळाजवळून गेलो, आणि तेव्हा सासूबाईंच्या खुर्चीजवळचा गळ एकदम पाण्यापर्यंत वाकला.

मी धावलो. "तू बस," त्या म्हणाल्या आणि रॉड स्वतः धरला. बॅरी ओरडत होता, "वाइंड! वाइंड!" मी भाषांतर करत होतो, "फिरवा! फिरवा!" त्या आम्हा दोघांकडेही लक्ष न देता जातं फिरवावं तशा, एका लयीत रीळ फिरवत होत्या. मासा ओढायला लागला की थांबायच्या, दमला की फिरवायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वर्गातल्या मस्तीखोर मुली त्यांनी याच पद्धतीने तीस वर्षं सरळ केल्या असाव्यात. पाण्यात चांदी चमकली. बॅरीने जाळं घातलं आणि दोन हातांनी वर काढला एक भरदार, रुपेरी, डोळे वटारलेला मासा.

बॅरीने तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "त्याला सांग, हा सोडायचा नाही."

"सांगायची गरज नाही," बॅरी म्हणाला. "शी स्केअर्स मी, मेट."

मासा निपचित पडला, तशी त्यांनी शाल मागे टाकली आणि तपासणी सुरू केली. डोळा बघितला. कल्ला उघडून आतला लाल रंग बघितला. अंगठ्याने पाठ दाबली. नऊ महिन्यांनी त्यांच्या बोटांना काम मिळालं होतं. मग त्यांनी माशाची हनुवटी वर केली.

"याच्या मिशा कुठायत?"

"कसल्या मिशा?"

"रावसाला गळ्याखाली मिशा असतात, दोऱ्यांसारख्या. चार या बाजूला, चार त्या बाजूला. याला एकही नाही."

मी म्हणालो, थंड प्रदेशात कदाचित...

"तुम्ही गप्प बसा. रावस खाऱ्या पाण्यातला. काल मी पाणी चाखलं तेव्हाच समजलं." त्यांनी मासा पिशवीत घातला, तोंड बांधलं आणि मांडीवर घेतला. "मासा ताजा आहे. उदाहरण चुकलं."

शुक्रवार, संध्याकाळी

केबिनमध्ये मसाल्याची फोडणी पडली की आगीचा भोंगा वाजतो, हे आम्हाला वाटण परततानाच समजलं. मृणाल टॉवेलने वारा घालत होती आणि मी खुर्चीवर चढून भोंग्याशी झटत होतो. शेवटी तळ्याकाठच्या सार्वजनिक बार्बेक्यूवर गेलो. एक बटण दाबायचं, की टेबलाएवढा लोखंडी पत्रा तापतो. सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"एवढा मोठा तवा? आणि कुणीही वापरायचा?"

"कुणीही."

ऑस्ट्रेलियाला आणखी मार्क मिळाले.

विळीवर मासा कापला तेव्हा आतून निघाला केशरी. त्यांनी हात मागे घेतला. "याला आधीच मसाला कुणी लावला?" रंग मूळचाच आहे हे पटवायला मला फोनवर चार फोटो दाखवावे लागले. मग आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, कोकमाचं पाणी, वरून तांदळाचं पीठ. डोक्याचं कालवण आमच्या पातेल्यात, त्याच पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला. पलीकडच्या बार्बेक्यूवर सॉसेज भाजणारं कुटुंब ठरलेलं अंतर सोडून हळूहळू जवळ येऊ लागलं. बॅरीही आला, खुर्ची बगलेत घेऊन. बहुधा वासावर.

त्या वाढत गेल्या आणि आम्ही खात गेलो. बाहेर कुरकुरीत, आत लोण्यासारखा. इराने, जिने सकाळी मासा सोडला होता, चार तुकडे खाल्ले आणि डोक्याचं कालवण मागितलं. सासूबाईंनी स्वतः एकच तुकडा घेतला. सावकाश खाल्ला. कसा झालाय विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मिरचीही बरीच होती.

तेवढ्यात फोन वाजला. सुहास. अलिबागला दुपार, मागे सगळं घर गोळा झालेलं, मिशीला तेल लावलेलं.

मी मनातल्या मनात बाजारात उभा राहिलो. कोळणी समोर बसल्या. एकीने कोयताही खाली ठेवला.

"काय भावोजी, काय मिळालं? मगर?"

मी फोन मुकाट्याने सासूबाईंच्या हातात दिला. निकाल त्यांचा होता.

"आई, तू सांग. काय होतं?"

त्यांनी पदरासारखी शाल सारखी केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"रावस," त्या म्हणाल्या.

मृणालच्या हातातला चमचा खाली पडला.

"आई, खरं?"

"मी पकडला, मी कापला, मी तळला. रावस."

इरा काहीतरी बोलणार होती. मी तिच्या तोंडात तुकडा कोंबला. पण बॅरीचं काय करणार? तो पडद्यासमोर वाकला आणि अंगठा उंचावून म्हणाला, "बेस्ट सामन आय एव्हर हॅड!"

"सामन?" सुहास ओरडला. "तो बघ, तो सामन म्हणतोय!"

"इंग्रजीत रावसाला सामन म्हणतात," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "हॉटेलच्या कार्डावर लिहिलेलं असतं. तू वाचत नाहीस, नुसता खातोस."

"मिशा होत्या त्याला?"

"नव्हत्या. बिनमिशीचा रावस होता. आता तूही हो."

आणि त्यांनी फोन ठेवला.

 अर्धा मार्क उगाच न देणाऱ्या बाईने अख्खा पेपर फिरवला होता. मी विचारलं, "आई, माझ्यासाठी कशाला खोटं बोललात?"

"तुझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "तुझा काय संबंध? घासणी दे."

शनिवार

सकाळी निघायची आवराआवर चालू असताना इराच्या फोनवर फोटो आला. सुहास, बिनमिशीचा. वरचा ओठ कोवळा, पांढरट. मागे त्याची बायको हसून भिंतीला टेकलेली, आणि तो स्वतःही हसतोय, लाजून, दात दाखवून. मिशी गेल्यावर तो थेट सासूबाईंसारखा दिसतो, हे वीस वर्षांत मला पहिल्यांदा समजलं.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि फोन घेऊन पायरीवर बसल्या. दोन बोटांनी फोटो मोठा केला, परत लहान केला, परत मोठा केला. समोर तळ्यावर ऊन पडलं होतं. आमचा नारळ काठच्या गवतात येऊन थांबला होता आणि एक काळा हंस त्याला चोचीने चाचपत होता.

"मिशी काढलेला मी याला एकदाच बघितलाय," त्या म्हणाल्या. "हे गेले तेव्हा. दहाव्याला काढली होती. नऊ महिने इथे रात्री डोळे मिटले की तोच चेहरा यायचा. म्हटलं, तिकडे पोचायच्या आधी एकदा हसता बघू दे."

मृणाल त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी गाडीत सामान ठेवायला गेलो. काही सामान उरलं नव्हतं, तरी गेलो.

परत आलो तेव्हा त्यांनी डोळे पुसले होते आणि चष्मा पर्समध्ये ठेवला होता. इराला सांगत होत्या, मामाला कळव, मी येईपर्यंत वाढवू नकोस. मग माझ्याकडे वळल्या.

"आणि तुम्ही."

मी सावध झालो.

"पुढच्या खेपेला तुम्ही बाजारात उभं राहायचंच आहे. त्याला रावस सांगितला, तुमचा पेपर मी तपासलाय. पास केलेलं नाही."

त्या बुधवारी गेल्या, सुखरूप पोचल्या. मी सध्या पाठांतर करतोय, संध्याकाळी फिरताना, मास्कच्या आत. सुरमई, हलवा, घोळ, पापलेट, रावस हे बिनचूक येतात. रावसाच्या मिशाही मोजून सांगतो, चार इकडे, चार तिकडे. बोंबलापाशी आलो की मात्र जीभ अजून भेंडीकडे वळते.